चट्ट्याची चुकलेली नावे

जुन्या नाशकात, भद्रकालीपासून चौक मंडई आणि कथड्यापर्यंतच्या गल्ल्यांत, कुणाच्या पाठीवर किंवा मांडीवर चट्टा उठला की त्याचे नाव घरातच ठरते. खाजत असेल तर गजकर्ण. फिकट असून खाजत नसेल तर कोड. आणि पडदा ओढून, दबक्या आवाजात घ्यायचे नाव म्हणजे महारोग. पहिल्या नावाला मेडिकलमधली ट्यूब, दुसऱ्याला अत्ताराकडचे बावचीचे तेल आणि तिसऱ्याला गप्प बसणे, असे तिन्हींचे इलाजही ठरलेले.

या तिन्ही नावांत न बसणारा एक आजार आहे. त्वचेचा लिम्फोमा. आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये फिरणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी शरीराचे रक्षण करतात. त्याच पेशी बेबंद वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. बहुतेक वेळा त्याची सुरुवात मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपासून होते. पण त्याची एक शाखा थेट कातडीत जन्म घेते आणि वर्षानुवर्षे कातडीतच राहते. आजार विरळ आहे, त्यामुळे अंगावर चट्टा असलेल्या प्रत्येकाने घाबरावे असे अजिबात नाही. मी डॉक्टरही नाही. मध्ययुगीन अरबी वैद्यकाबद्दल वाचता वाचता एका वनस्पतीच्या मागे लागलो आणि ती वनस्पती मला या आजारापर्यंत घेऊन आली. वाटेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. या आजाराचे नाव जवळपास प्रत्येकाने चुकवले आहे, आणि त्यात मोठमोठे लोक आहेत.

झाडाखालचे वर्ग

पॅरिसचे सें-लुई इस्पितळ 1607 साली प्लेगच्या रुग्णांसाठी शहराच्या तटाबाहेर उभारले गेले. 1801 पासून ते त्वचारोगांसाठी राखले गेले आणि तिथे जाँ-लुई आलिबेर नावाचे डॉक्टर आले. गर्दी इतकी व्हायची की ते उघड्यावर, झाडांच्या सावलीत व्याख्याने द्यायचे आणि रुग्णांना लोकांसमोर उभे करायचे. 1806 साली त्यांनी लुका नावाच्या एका रुग्णाचे वर्णन लिहिले. त्याच्या अंगावर आधी खवले धरणारे चट्टे आले आणि पुढे अळंबीसारखे गोळे उगवले. आलिबेर यांना तो आधी 'यॉज' या जंतूजन्य त्वचारोगाचा भाऊबंद वाटला आणि त्यांनी नावही तसेच दिले. नंतर 1832 मध्ये त्यांनी नाव बदलून 'मायकोसिस फंगॉइडिस' केले. या नावाच्या मुळाशी अळंबी आहे, पण आजारात बुरशी कुठेच नाही.

हे नाव आजही चालते, त्वचेच्या लिम्फोमांतला सर्वाधिक आढळणारा प्रकार तोच आहे. शोधून काढणाऱ्याने साम्यावरून ठेवलेले नाव दोनशे वर्षांनंतर रुग्णाच्या हातात पडते आणि 'मायकोसिस' वाचून शेजारी सांगतो, अरे ही तर बुरशी, गजकर्णाची गोळी घे.

पुढच्या पिढीतल्या एर्नेस्ट बाझँ यांनी 1870 मध्ये आजाराच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी सपाट चट्टा, मग जाड झालेला उंचवटा आणि शेवटी गाठ. पहिल्या पायरीवरून तिसरीवर जायला कित्येक वर्षे, कधी दशके लागतात. बहुसंख्य रुग्ण तिसरीपर्यंत जातच नाहीत, हे मात्र बाझँ यांच्या काळात कळण्यासारखे नव्हते, कारण इस्पितळात येईपर्यंत माणूस पुढच्या पायरीवर पोचलेला असे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी या आजाराची एक खूण म्हणजे त्वचेच्या वरच्या थरात पेशींचे छोटे पुंजके. ते पहिल्यांदा दाखवले जाँ दारिए यांनी, आणि नाव पडले 'पोत्रिए' यांचे! या आजाराच्या वाट्याला चुकीची नावे किती यावीत.

1938 साली आल्बेर सेझारी यांनी सर्वांग लाल झालेल्या आणि प्रचंड खाज असलेल्या एका रुग्णाच्या त्वचेत आणि रक्तात अवाढव्य, विचित्र पेशी पाहिल्या. हे सेझारी जन्मले अल्जीरियात, अल्जीअर्स शहरात. अल्जीरिया लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत जायचे आहे. त्या विचित्र पेशी काय आहेत हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. 1968 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे केंद्रक मेंदूसारखे घड्या पडलेले दिसले. पुढच्या काही वर्षांत त्या पेशी 'टी' जातीच्या लिम्फोसाइट असल्याचे सिद्ध झाले, आणि 1975 मध्ये लुट्झनर, एडलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आलिबेरचा आजार आणि सेझारीचा आजार एकाच छत्राखाली आणले: त्वचेचा टी-सेल लिम्फोमा. लुकाचे वर्णन झाले त्याला तेव्हा 169 वर्षे होत आली होती.

लाल चट्टा, पण कुणाच्या अंगावर?

युरोपातल्या पुस्तकांत या आजाराचा पहिला चट्टा लाल असतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतोही. आपल्या सावळ्या कातडीवर तीच लाली दिसत नाही, तिथे चट्टा काळपट दिसतो किंवा फिकट. फिकट चट्ट्यांचा हा प्रकार गडद वर्णाच्या लोकांत जास्त आढळतो आणि तो तरुणांत, अगदी लहान मुलांतही येतो. एरवी हा आजार उतारवयातला मानला जातो. म्हणजे पॅरिसच्या पुस्तकावर शिकलेल्या डोळ्याला नाशिकचा किंवा सुरगाण्याचा रुग्ण दोन्ही बाजूंनी अनोळखी, रंगानेही आणि वयानेही.

त्यात आपला मुलूख कुष्ठरोगाचा. फिकट चट्टा दिसला की आधी कुष्ठरोग आठवायचा, हेच डॉक्टरांना शिकवले जाते आणि ते बरोबरच आहे. देशपातळीवर कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असे 2005 च्या अखेरीस जाहीर झाले, पण रुग्ण सापडायचे थांबलेले नाहीत आणि राज्यातल्या आदिवासी भागांत तपासणीची पथके आजही फिरतात. कापसाच्या बोळ्याने चट्ट्याला स्पर्श करायचा आणि विचारायचे, कळते का? कुष्ठरोगात बहुधा कळत नाही. लिम्फोमाच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असते. पण ही कसोटी शंभर टक्के नाही. कुष्ठाच्या सुरुवातीच्या चट्ट्यात, विशेषतः चेहऱ्यावरच्या, संवेदना टिकून असू शकते. कातडीचा तुकडा काढून पाहिल्याशिवाय दोघांत फरक करणे अवघडच.

या दोन आजारांचा अभ्यास महाराष्ट्रात एकाच छपराखाली झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारा हा माणूस आयुष्यभर दोन रोगांमागे लागला, कर्करोग आणि कुष्ठरोग. 1945 मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत, आपल्याकडच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर लेख लिहिला. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने होणारा त्वचेचा कर्करोग त्यातच आहे. पुढे 1952 मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. त्याच केंद्रात 1958 साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून वेगळा केलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठाचा जंतू! खानोलकरांना त्यात विसंगती दिसली नसावी. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला कातडीचा तुकडा आधीपासून नाव सांगत नाही, ते पाहणाऱ्याने वाचायचे असते.

नाव आणि निकाह

नाव चुकले तर काय होते? औषध चुकते, हा एक भाग. आपल्या समाजात त्याहून मोठी किंमत नात्यांत मोजावी लागते. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने स्त्रीला न्यायालयातून घटस्फोट मागण्याची जी कारणे दिली, त्यांत पतीला कुष्ठरोग असणे हे एक कारण होते. तो कायदा त्या काळात स्त्रियांसाठी मोठा दिलासा होता, याबद्दल वाद नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही कुष्ठरोग घटस्फोटाच्या कारणांत होता. आजार औषधाने पूर्ण बरा होऊ लागल्यानंतरही कितीतरी वर्षे हे शब्द कायद्यात तसेच राहिले. शेवटी 2019 च्या दुरुस्तीने पाच कायद्यांतून कुष्ठरोग हे कारण काढून टाकण्यात आले, त्यात 1939 चा आणि 1955 चा हे दोन्ही आले.

कायद्यातून शब्द गेला, बैठकीतून गेला नाही. रिश्ता ठरवताना मुलीच्या मानेवरचा चट्टा बघून उठून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. चट्टा कसला आहे, हे त्यांनी विचारलेसुद्धा नव्हते. लिम्फोमाचे सुरुवातीचे चट्टे तर बहुधा कपड्याआडच असतात, कंबर, नितंब, मांड्या, छाती, जिथे ऊन पोचत नाही तिथे. म्हणजे लपवणे सोपे आणि डॉक्टरला दाखवणे अवघड. बाई असेल तर आणखी अवघड.

आत्रिलाल

आता अल्जीरियाकडे. अरबी वैद्यकात चट्ट्यांसाठी एक शब्द नव्हता. 'जुजाम' म्हणजे कुष्ठरोग. 'बरस' म्हणजे खोलवर गेलेला पांढरा डाग, आणि 'बहक' म्हणजे वरवरचा, आपण ज्याला शिबे म्हणतो त्याच्या जवळचा. उलट मराठीत पहा: आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'कुष्ठ' हे अठरा प्रकारच्या त्वचारोगांचे कुळनाव होते, आणि आज तोच शब्द एका आजाराला चिकटला आहे. कुरआनच्या मराठी अनुवादांत 'अबरस' या शब्दासाठी काही ठिकाणी कोड आणि काही ठिकाणी कुष्ठ असे प्रतिशब्द दिसतात. हा अनुवादकांचा गोंधळ आहे, हकिमांचा नव्हे.

बरसच्या इलाजाची एक नोंद इब्न अल-बैतार यांनी केली आहे. स्पेनमधल्या मलागाचा हा वनस्पतीशास्त्रज्ञ 1248 मध्ये दमास्कसला वारला. औषधी द्रव्यांच्या त्यांच्या महाकोशात सुमारे 1400 नोंदी आहेत आणि सुरुवातीलाच येते 'आत्रिलाल'. नाव अरबी नाही, बर्बर भाषेतले आहे, अर्थ 'पक्ष्याचा पाय'. ओवा आणि कोथिंबिरीच्या कुळातली ही वनस्पती. आजच्या अल्जीरियातल्या बिजाया शहराच्या परिसरातील एका बर्बर टोळीला तिचा गुण ठाऊक होता. ते बियांची पूड विकत, पण ती कशाची हे सांगत नसत. पूड मधातून घ्यायची आणि डाग उघडा ठेवून उन्हात बसायचे, ही रीत इब्न अल-बैतार यांनी लिहून ठेवली. औषध एकटे काम करत नाही, ऊनही एकटे करत नाही, दोन्ही एकत्र हवेत. या इलाजाचा सगळा मर्म यात आहे.

सातशे वर्षांनी कैरोत अब्देल मोनेम अल-मुफ्ती या त्वचारोगतज्ज्ञाने ही पूड तपासायला घेतली. 1947 मध्ये फहमी आणि अबू-शादी या इजिप्शियन रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले सक्रिय द्रव्य वेगळे केले. आज आपण त्याला मेथॉक्सॅलेन म्हणतो. अल-मुफ्ती यांनी ते कोडाच्या रुग्णांना देऊन आणि उन्हात बसवून पाहिले.

आपल्याकडे तोपर्यंत दुसऱ्या वाटेने तेच घडून गेले होते. बावचीचे बी इथे वैद्य आणि हकीम दोघेही शतकानुशतके पांढऱ्या डागांवर वापरत आले. मालेगावच्या तिब्बिया कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना आजही 'बाबची' हे नाव पाठ असते. 1933 मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय संशोधकांनी बावचीच्या बियांतून एक द्रव्य वेगळे केले. बावचीच्या शास्त्रीय नावावरून त्याला 'सोरालेन' म्हटले गेले. मेथॉक्सॅलेन हे त्याचेच भावंड. एक वनस्पती शेंगावर्गातली, दुसरी ओव्याच्या कुळातली, एक दख्खनची, दुसरी मगरिबची, आणि दोघींच्या पोटात एकाच घराण्याचे रसायन.

हे रसायन पेशीतल्या डीएनएच्या शिडीत जाऊन बसते. अतिनील किरण पडले की ते शिडीच्या दोन्ही बाजूंना चिकटते आणि पेशीला विभागता येत नाही. कोडासाठी शोधलेली ही युक्ती 1974 मध्ये बॉस्टनला पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबाउम आणि भारतीय वंशाचे मधू पाठक यांनी सोरायसिसवर वापरली. उन्हाऐवजी मोजून-मापून अतिनील किरण देणाऱ्या दिव्यांची पेटी आली, उपचाराला 'पुवा' हे नाव मिळाले. दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, बार्बरा गिलख्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत मायकोसिस फंगॉइडिसच्या रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. चट्टे गेले. कातडीत भटकणाऱ्या टी-पेशींना प्रकाशाने गाठता येते, हे सिद्ध झाले.

एडलसन यांनी पुढे आणखी धाडस केले. रुग्णाचे रक्त बाहेर काढायचे, त्यातल्या पांढऱ्या पेशींवर मेथॉक्सॅलेनच्या सोबतीने किरण टाकायचे आणि त्या परत शरीरात सोडायच्या. 1987 मध्ये त्यांनी 37 रुग्णांचा अनुभव मांडला, त्यांतल्या 27 जणांना गुण आला होता. सेझारीने रक्तात पाहिलेल्या पेशींवर त्याच्याच जन्मभूमीतल्या टोळीच्या औषधाचा अंश चालला. इतिहास कधी कधी असे योग जुळवून आणतो, त्यावर फार भाष्य करू नये.

यातून 'म्हणजे अत्ताराकडचे तेल बरोबरच होते तर' असा निष्कर्ष कुणी काढू नये, म्हणून स्पष्ट लिहितो. बावचीचे तेल लावून अंदाजाने उन्हात बसले की कातडी भाजते, फोड येतात. आणि चट्टा लिम्फोमाचा असेल तर तो थोडा फिका पडून निदान आणखी लांबते. इब्न अल-बैतार यांनाही फोडांची कल्पना होती.

तुकडा, पुन्हा तुकडा

आज निदान कसे होते? डोळ्याने नाही. चट्ट्याचा छोटा तुकडा सुन्न करून काढतात, दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण सुरुवातीच्या टप्प्यात बिघडलेल्या पेशी थोड्या आणि सूज आणणाऱ्या साध्या पेशी जास्त असतात, त्यामुळे पहिल्या तुकड्यात उत्तर मिळेलच असे नाही. दोन-तीन वेगवेगळ्या चट्ट्यांचे तुकडे लागतात, कधी वर्ष-दोन वर्षांच्या अंतराने पुन्हा. अनेक रुग्णांच्या बाबतीत पहिल्या चट्ट्यापासून निदानापर्यंत कित्येक वर्षे जातात. पहिला रिपोर्ट 'इसब' आणि तिसरा 'लिम्फोमा' आला तर पहिला डॉक्टर खोटारडा होता असे समजू नये. आजाराचा स्वभावच तसा आहे. पेशींवरच्या खुणा ओळखणारे विशेष रंग आणि सगळ्या पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या आहेत का हे सांगणारी जनुकीय तपासणी, या दोन गोष्टींनी नंतर चित्र स्पष्ट होते.

चित्र बिघडवते ती ट्यूब. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेली मलमे आपल्याकडे चॉकलेटसारखी विकली जातात. स्टेरॉइडने चट्टा दबतो, तुकड्यातल्या खुणाही पुसट होतात. म्हणून तुकडा काढण्यापूर्वी काही आठवडे मलम बंद ठेवायला सांगतात, आणि आपण कोणकोणती मलमे लावली हे डॉक्टरांना खरे सांगावे लागते. ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशी मलमे सहा वर्षे लावली होती. रिकाम्या ट्यूबा त्यांनी एका डब्यात जपून ठेवल्या होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरला सर्वात उपयोगी पडला तो हाच डबा.

निदान झाल्यावर 'कॅन्सर' हा शब्द ऐकून घरात रडारड होते आणि लोक केमोथेरपीची चौकशी सुरू करतात. चट्टे सपाट असतील आणि अंगाच्या दहा टक्क्यांहून कमी भागावर असतील तर केमोची गरजच नसते. स्टेरॉइडचे मलम, यावेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि प्रकाश, एवढ्यावर भागते. अशा रुग्णांचे आयुष्य साधारणपणे इतरांएवढेच असते. फिकट चट्ट्यांचा प्रकार तर बहुधा आणखी सौम्य वागतो. चट्टे परत येऊ शकतात, म्हणून अधूनमधून दाखवत राहावे लागते. गाठी झाल्या, रक्तात पसरले तर लढाई वेगळी. मग किरणोपचार येतात, सर्वांगाच्या कातडीला इलेक्ट्रॉनचा मारा येतो, औषधे येतात. त्यासाठी नाशिककर पहाटे पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरतात आणि परळ गाठतात, जिथे खानोलकरांचे टेबल होते.

प्रकाशोपचारासाठी मात्र मुंबई लागत नाही. पुवाच्या जागी आता बऱ्याचदा गोळीशिवाय चालणारे, 311 नॅनोमीटरचे अरुंद पट्ट्यातले किरण वापरतात, आणि तशा दिव्यांची उभी कपाटे नाशिकसारख्या शहरांत आहेत. काही मिनिटे आत उभे राहायचे, डोळ्यांवर काळा चष्मा, पुरुषांना जांघेवर आच्छादन. पण आठवड्यातून दोन ते तीन वेळा, आणि तेही कित्येक महिने. मालेगावच्या यंत्रमागावर मीटरमागे मजुरी घेणाऱ्या माणसाला हा हिशोब वेगळाच पडतो: येण्या-जाण्याचे शंभरहून अधिक किलोमीटर एकावेळी, दर फेरीला एक खाडा. चार फेऱ्यांनंतर चट्टे थोडे बुजल्यासारखे दिसू लागतात, आणि बहुतेक लोक येणे बंद करतात ते नेमके तेव्हाच. वडाळा नाक्याजवळच्या एका बाईंनी मात्र आठ महिने खंड पाडला नाही. त्यांना विचारले तर म्हणाल्या, दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी जोहरनंतर निघते, असरच्या आत घरी. घरात सांगितले आहे की कंबरदुखीचा शेक घेते.